कुंडीवरचं कार्ड

फुलांच्या प्रदर्शनीत शिरलं की बहुतेक लोक मोबाइल काढतात आणि फुलाच्या तोंडाशी नेतात. मी खाली वाकते. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे का, मातीत काळी किती आणि रेती किती, बुडाशी मुनवे फुटलेत का, काठी कुठल्या बाजूने रोवली आहे, हे सगळं बघून झालं की मग फूल. ही सवय मला सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांवर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या माळ्याने लावली. ‘बाई, वरचं काय पाहता, बुड पाहा नं. फूल तर चार दिवसाचं.’ मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. असल्या माणसाला हे वाक्य पटलं नसतं तरच नवल. तेव्हा नागपूरच्या घरबागांबद्दल लिहायचं तर मीही बुडापासूनच लिहिणार.

हे बुड राजेलोकांच्या बागांमध्ये आहे. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या लहानलहान वस्त्या एकत्र करून शहर वसवलं. पुढे रघुजी भोसल्यांनी ते आपल्या राजधानीचं ठिकाण केलं आणि शहराभोवती तलाव आणि बागा वाढत गेल्या. महाल या जुन्या वस्तीत तुळशीबाग. सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे, नागनदीच्या काठाला महाराजबाग. पश्चिमेला तेलंगखेडी, दक्षिणेकडे सक्करदरा आणि सोनेगाव. या नावांच्या शेजारी तलावांची नावं मांडली तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. तेलंगखेडीला तलाव आहे (आजची पोरं त्याला फुटाळा म्हणून ओळखतात आणि तिथे मक्याची कणसं खायला जातात), सक्करदऱ्याला तलाव आहे, सोनेगावला तलाव आहे. पाण्याशिवाय नागपुरात बाग होत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात ही हौसेची बाब नाही, हिशेबाची आहे.

त्या बागा कुणाला दाखवण्यासाठी केलेल्या नव्हत्या. देवाला फूल, मुदपाकखान्याला भाजी आणि फळ, दुपारी बसायला सावली, एवढं त्यांचं काम. पण बागेत माळी असतो आणि माळ्याला घर असतं. राजाच्या बागेची भिंत कितीही उंच घातली तरी एक फांदी कमरेच्या शेल्यात सहज मावते. महालातल्या जुन्या वाड्यांच्या मागच्या अंगणात जी झाडं मी लहानपणी पाहिली, ती सोनचाफा, कुंद, जाई, पांढरी कण्हेर, रोपवाटिकेतून विकत आणलेली नसणार, असं मला नेहमी वाटत आलंय.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपण रोज सोलून खातो. नागपुरी संत्र्याची जी गोष्ट इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती अशी, की रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेकडून संत्र्याची झाडं आणवली आणि आपल्या खासगी बागेत लावली. कोणत्या रघुजीराजांनी, यावर मात्र एकमत नाही. घराण्यात तीन रघुजी गादीवर बसले, त्यामुळे सांगणारा आपल्या सोयीने एक निवडतो. मला त्यातल्या राजापेक्षा जागेत जास्त रस आहे. संत्रा आधी शेतात आला नाही, आधी परसात आला. तिथून माळ्यांच्या हातांनी काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरच्या विहिरींपर्यंत आणि पुढे वरुड-मोर्शीपर्यंत पोचला. एका घराच्या बागेतलं फळझाड सगळ्या मुलखाचं पीक झालं. १९८५ साली अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र उभं राहिलं, २०१४ मध्ये नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या दिवशी कुणी हौशी बाई म्हणते, ‘आमचं काय, गच्चीवर चार कुंड्या आहेत,’ त्या दिवशी मी तिला हे ऐकवते.

संत्रा असा हातोहात जाऊ शकला कारण तो डोळा बांधून वाढवतात. जंबेरी लिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या खोडावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चाकूने इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घेतात. साल हलकेच उचलायची, चांगल्या झाडाच्या फांदीवरून काढलेला डोळा आत सरकवायचा आणि वरून पट्टी आवळायची. झाडात रस चढलेला असला तरच साल सुटते, नाहीतर फाटते. वरुड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत हे काम करणारी माणसं बघावीत. बोलता बोलता हात चालू असतात, नजरही तिथे नसते. घरी कलम आणल्यावर ती डोळ्याची गाठ मातीच्या वर राहिली पाहिजे. गच्चीवाले नेमकी तीच माती घालून बुजवतात आणि मग ओल्या मातीत गाठ कुजायला लागली की रोपवाटिकेच्या नावाने बोटं मोडतात.

तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, मागे औरस वारस नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. बागा नव्या धन्याकडे गेल्या. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी. इंग्रजांना दाखवण्याची भारी हौस. १८६३ मध्ये त्यांनी अजब बंगला, म्हणजे संग्रहालय, उभारला. डिसेंबर १८६५ मध्ये चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत कला, कारागिरी आणि शेतमालाची मोठी प्रदर्शनी नागपुरात भरली. तोवर नागपूरला रेल्वेसुद्धा आली नव्हती, ती १८६७ ची. म्हणजे माल बैलगाड्यांतून आला आणि बघणारेही. १९०८ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची आणखी एक प्रदर्शनी झाली. या दोन्हींमागचा हेतू व्यापारी होता. कापूस कुठे पिकतो, काय विणलं जातं, काय विकत घेता येईल, हे बघायचं होतं. पण टेबलावर माल मांडायचा, परीक्षकाने तो तपासायचा, पदक द्यायचं, ही चाल नागपूरच्या अंगवळणी पडली ती अशा प्रदर्शन्यांतून. पुढे टेबलावर फूल आलं तरी चाल तीच राहिली.

ही चाल काही नागपूरची एकट्याची नव्हती. कलकत्त्यात विल्यम केरीने १८२० मध्ये शेती आणि बागकामाची संस्था काढली होती, पश्चिम भारताच्या तशाच संस्थेकडे पुण्याची एम्प्रेस गार्डन आली, आणि तिथलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन आजही पुणेकरांच्या ठरलेल्या फेऱ्यांपैकी एक आहे. बंगळुरूच्या लालबागेत तर १८८९ साली काचघर बांधलं तेच मुळी फुलं मांडायला. लंडनचा प्रसिद्ध चेल्सीचा पुष्पमेळा त्या जागी भरू लागला १९१३ मध्ये, म्हणजे लालबागेच्या काचघरानंतर चोवीस वर्षांनी. आपल्याकडे सगळं मागाहून आलं असं समजणाऱ्यांसाठी हा आकडा मुद्दाम दिला.

नागपुरात या सगळ्याचं केंद्र झाली महाराजबाग. १८९४ मध्ये तिथे प्राणिसंग्रहालय आलं. १९०६ मध्ये शेजारी कृषी महाविद्यालय. आमच्या पिढीला महाराजबाग म्हणजे वाघाचा पिंजरा आणि शाळेची सहल; पण बागकामाच्या दृष्टीने तिची खरी किंमत अशी, की राजाची बाग जाऊन तिथे शिकवण्याची बाग झाली. १९६९ साली अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि महाविद्यालय त्याच्याकडे गेलं. विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलं ते भाऊसाहेबही प्रदर्शनीच्या ताकदीवर विश्वास ठेवणारे होते. केंद्रात कृषिमंत्री असताना १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी मेळा भरला तो त्यांच्याच पुढाकाराने. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्या मेळ्याला आले होते.

साहेबाच्या बंगल्यातल्या बागेकडे वळू. साहेबाला हवी होती विलायती फुलं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ती जगणं शक्य नव्हतं. तोडगा निघाला हिवाळ्यात. पाऊस संपला की सप्टेंबर-ऑक्टोबरात बी टाकायचं, जानेवारी-फेब्रुवारीत बहर घ्यायचा, मार्च संपता संपता सगळं उपटून टाकायचं. पॅन्सी, फ्लॉक्स, पिटुनिया, डॉग फ्लॉवर, स्वीट पी. बी यायचं टपालाने. पुण्याच्या पेस्तनजी पोचांची कंपनी १८८४ पासून बियाणं विकते आणि तिचं चित्रांचं कॅटलॉग आमच्या शेजारच्या घरी मीही चाळलंय. आज प्रदर्शनीत ‘सिझनल’ म्हणून जी रंगीबेरंगी टेबलं दिसतात, ती या बंगल्यांची देणगी. उन्हाळ्याला पाठ दाखवून केलेली बाग, असं मी तिला म्हणते.

शेवंतीची गोष्ट थोडी निराळी. ती मूळची चीनची. जपानच्या राजघराण्याने तिला आपली मुद्रा केलं. रॉबर्ट फॉर्च्युन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४६ साली चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटातून बारक्या फुलांच्या जाती इंग्लंडला नेल्या. इंग्रजांनी नाक मुरडलं, फ्रेंचांनी त्यांतून गोंड्यासारख्या गोल जाती काढल्या, तेच आजचे पॉमपॉन. आपल्याकडे हार-वेण्यांची साधी पिवळी शेवंती होतीच. सीताबर्डीच्या नेताजी फूल मार्केटमध्ये ती आजही किलोवर मिळते. प्रदर्शनीतली शेवंती मात्र वेगळ्याच घराण्यातली: पाकळ्या आत वळलेली, पाकळ्या सांडलेली, कोळ्याच्या पायांसारखी. डिसेंबरात नागपुरात जी मांडतात ती ही.

ती टेबलावर यायला अख्खं वर्ष लागतं, हे बघणाऱ्यांच्या गावी नसतं. फुलं संपली की जानेवारीत झाड चार बोटं ठेवून छाटायचं. बुडातून मुनवे फुटतात. फेब्रुवारीत ते मुळासकट सोडवून लहान कुंड्यांत लावायचे आणि मग खरी परीक्षा: मार्च ते जून ते फक्त जिवंत ठेवायचे. सावलीत, सकाळ-संध्याकाळ पाणी, वाढीची अपेक्षा शून्य. पावसाळा लागला की त्यांच्या शेंड्यांची कलमं रेतीत खोचायची. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. नागपूरची काळी माती इथे वैरीण. पाणी धरून ठेवते, आणि आठवडाभराची झड लागली की रोप बुडाशी काळं पडून बसकण मारतं. म्हणून काळीत मुरूम किंवा रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. ऑगस्ट-सप्टेंबरात मोठी कुंडी. शेंडा खुडला की बगलेत फांद्या फुटतात. किती ठेवायच्या ते तेव्हाच ठरवायचं. सरकीची किंवा निंबोळीची ढेप पाण्यात कुजवून, गाळून, पातळ करून द्यायची. वास असा सुटतो की घरातली माणसं दोन दिवस बोलत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रत्येक फांदीवर मधली एक कळी ठेवून बाजूच्या सगळ्या चिमटीने काढायच्या. कोवळ्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या असताना. हे काम सगळ्यात जड जातं, विशेषतः बायकांना. कळी तोडायला हात धजत नाही आणि मग दहा बारकी फुलं येतात, त्यातलं एकही टेबलावर जात नाही.

आणि दिवा. रात्र मोठी होऊ लागली की शेवंतीला कळी धरते. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांनी १९२० मध्ये दिवस-रात्रीच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध छापून सिद्ध केला. सिव्हिल लाइन्समधल्या त्या म्हाताऱ्या माळ्याने तो शोध वाचला नव्हता, पण रस्त्यावरच्या खांबाचा दिवा जिथवर पडतो तिथवरच्या कुंड्या तो गणपती आटोपले की मागच्या बाजूला नेऊन ठेवायचा. ‘दिव्याखाली ती झोपत नाही, मंग फुलंल कशी?’ आता शहरभर रात्री लख्ख उजेड असतो. कुणी सांगितलं की आमच्या बाल्कनीतली शेवंती वाढते पण फुलत नाही, तर मी खताची चौकशी करत नाही. समोर दिवा आहे का, एवढंच विचारते.

डिसेंबरात नागपुरात एकाच वेळी दोन प्रदर्शन्या असतात, अशी आमच्याकडची जुनी थट्टा आहे. १९५६ मध्ये राजधानीपण गेलं, त्याआधी १९५३ च्या नागपूर कराराने वचन दिलेलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन १९६० पासून आलं. अधिवेशन जवळ आलं की मंत्री उतरतात त्या रविभवनापासून सगळीकडे कुंड्यांना गेरू चढतो, रस्त्यांच्या दुभाजकांवर रातोरात झेंडू उगवतो, आणि मोर्चे परतले की त्याला पाणी कोण घालतं ते विचारू नये. शेवंतीच्या कुंडीलाही गेरू देतात. गेरू ओला असताना कुंडी झळकते; पण कुणी तिला ऑइल पेंट फासला असेल तर समजावं, माणूस नवखा आहे. मातीची कुंडी अंगाने श्वास घेते, रंगाने तो बंद होतो.

आता कार्डाबद्दल. प्रत्येक कुंडीजवळ एक कार्ड असतं: विभाग, जात, क्रमांक आणि स्पर्धकाचं नाव. हे नाव घराच्या मालकाचं किंवा मालकिणीचं असतं. घरबागांच्या स्पर्धांमध्ये माळी असलेल्या बागा आणि माळी नसलेल्या बागा असे गट करण्याची पद्धत आहे. न्याय्य आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण म्हणजे माळ्याच्या हाताने फरक पडतो हे नियमात कबूल आणि कार्डावर नाकबूल. भोसल्यांच्या काळात संत्रा रघुजींच्या नावाने ओळखला गेला. डोळा कुणी बांधला त्याचं नाव नाही. साहेबाच्या बंगल्यातल्या स्वीट पीचं बक्षीस मडमेला. आता ते डॉक्टरीणबाईंना. मी बक्षिसाच्या वेळी मागे उभे असलेले माळी बघितलेत. टाळ्या तेच सगळ्यात जोरात वाजवतात.

माझी आई महालातल्या घराच्या सांदवाडीत तोंडली, वाल, मुंगण्याचं एक झाड, अळू आणि देवापुरती फुलं करायची. न्हाणीचं पाणी पाटाने अळूकडे जायचं. तिने जन्मात प्रदर्शनी पाहिली नाही. मी बघते आणि तिथून घरी काहीबाही आणतेही, पण रोप क्वचित. विचारून आणलेली रीत आणते: कुंडीच्या तळाला खापराचा तुकडा पालथा कसा ठेवायचा, उन्हाळ्यात दोन कुंड्यांच्या मध्ये ओली रेती का भरायची, गुलाबाची छाटणी कोजागिरीच्या आसपास केली तर डिसेंबरात बहर कसा साधतो. जानेवारीत प्रदर्शनीबाहेरच्या स्टॉलवरून भरलेली पॅन्सी घेऊन जाणारी जोडपी बघितली की मला त्यांना थांबवावंसं वाटतं. ती कुंडी होळीपर्यंतची आहे. त्याच पैशांत मोगरा येतो, आणि मोगरा मे महिन्यात फुलतो.

कारण नागपूरची बाग कशी आहे हे मे महिन्यात कळतं. घरं पाडून फ्लॅट स्कीम झाल्या, सांदवाड्या गेल्या, बागा गच्चीवर चढल्या. खाली स्लॅब तापतो, वर ऊन. तिथे हिरवी जाळी, मोगरा, सदाफुली, बोगनवेल, अडेनियम, सकाळी नऊला उमलणारी ऑफिस टाइम आणि कोपऱ्यात कडीपत्ता, एवढ्यांवर संसार करायचा. ही माणसं रोपं कशी तगवतात, कुणी कूलरचं पाणी वळवलंय, कुणी नारळाच्या किशीचा थर घातलाय, हे एकाही टेबलावर मांडलेलं नसतं. आपल्या प्रदर्शन्या साहेबाच्या वेळापत्रकावर अजून चालतात: हिवाळ्यात भरतात आणि उन्हाळ्याआधी संपतात.

म्हणून आयोजकांना दोन विनंत्या करते. एक प्रदर्शनी मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरवा. संध्याकाळी सहानंतर भरवा, चार टेबलांची का होईना, आणि त्यात फक्त घरी, आपल्या गच्चीवर जगवलेली झाडं घ्या. दुसरी विनंती याहून स्वस्त आहे. छापखान्याला सांगून कार्डावर आणखी एक ओळ घालून घ्या: माळी. ज्यांच्याकडे माळी नाही त्यांनी ती ओळ स्वतःच्या नावाने भरावी.